झाडावरची बैठक

कोंकणांत ज्या घरांच्या मागें नारळी-पोफळीची वाडी आहे, किंवा देशावर ज्यांच्या परसांत आजोबांनीं लावलेला आंबा अथवा फणस उभा आहे, त्या घरांत वर्षांतून दोन-चार वेळां एक प्रश्न हटकून निघतो : झाडावर चढावयास माणूस कोठून आणावा? पाडेली मिळत नाहीं, मिळाला तर वेळेवर येत नाहीं, आला तर फार मागतो, अशी तक्रार ओटीवर बसून सर्वजण करितात. तो वर जाऊन कशाच्या आधारानें बसतो, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. या महिन्यांत आम्ही तेवढ्याच एका गोष्टीसंबंधानें लिहिणार आहों. विषय कित्येकांस क्षुल्लक वाटेल. परंतु जो मनुष्य आपल्या घरचे नारळ उतरविण्यासाठीं चाळीस-पन्नास फूट उंच जातो, त्याच्या बैठकीची चौकशी करणें हें घरधन्याचें काम नव्हे, असें कोणीं म्हणावें?

झाडावर काम करितांना कमरेस व मांड्यांस बांधावयाच्या पट्ट्यांच्या आसनास इंग्रज व अमेरिकन लोक ‘सॅडल’, म्हणजे खोगीर, म्हणतात. आपल्याकडील गिर्यारोहक त्यास ‘हार्नेस’ म्हणतात, आणि दुकानदार सरसकट ‘बेल्ट’ म्हणून मोकळा होतो. आम्हांस खोगीर हा शब्द आवडला. फरक एवढाच कीं, येथें घोडा नाहीं आणि खोगीर स्वाराच्याच अंगावर चढविलेलें असतें. पूर्वीं तिकडेही असें कांहीं सुखसाधन नव्हतें. झाडें छाटणारे लोक मनिला दोराच्या दुहेरी गांठीचे दोन फास करून त्यांतच बसत. १९३१ सालीं कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानें दोरावर हातानें सरकविली तर सरकणारी, पण भार पडतांच आवळून बसणारी गांठ प्रसिद्ध केली. १९७० सालीं अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवर गेलेल्या ब्रिटिश तुकडीकरितां डॉन व्हिलन्स यानें मांड्यांना पट्टे असलेला बैठा हार्नेस आंखला. आजचें झाडावरचें खोगीर याच कुळांतलें आहे. आपल्या पाडेल्याजवळ मात्र अद्यापि बहुधा पायांत काथ्याच्या दोरीचा फास आणि कमरेला कोयता, एवढाच संसार असतो.

आमच्या शेजारच्या एका सुशिक्षित गृहस्थांनीं, पाडेल्याच्या जिवाची काळजी वाटून, इमारतीच्या परांचीवर काम करणारे लोक वापरतात तसा सर्वांगाचा हार्नेस शहरांतून मागविला. हेतु उत्तम होता. वाडीवर येणाऱ्या वृद्ध पाडेल्यानें तो अंगांत घातला, दोरावर क्षणभर लोंबकळून पाहिलें, आणि खालीं उतरून तो आम्हांस म्हणाला, “गुरुजी, ह्यानें मला मांजरीनें पिलाला धरावें तसा मानगुटीला धरला. आतां मी कोयता कसा चालवूं?” तो हार्नेस तेव्हांपासून पडवींत खुंटीला टांगलेला आहे. घरांतील मंडळींनीं पाडेल्यास हट्टी ठरविलें. आमच्या मतें तो शंभर टक्के बरोबर होता.

त्या माणसानें नकळत एका जुन्या शास्त्रीय वादाचा दृष्टांतच बोलून दाखविला. श्रीवैष्णवांच्या दोन पंथांत मार्जारकिशोर आणि मर्कटकिशोर असे दोन न्याय सांगितले जातात. मांजरी आपल्या पिलास तोंडांत धरून नेते, पिलानें स्वतः कांहींच करावयाचें नसतें. माकडाचें पिलूं मात्र आईच्या पोटाला आपल्या बळानें बिलगून राहतें. भक्तीच्या बाबतींत कोणता न्याय खरा, तें आचार्यांवर सोपवूं. पट्ट्यांच्या बाबतींत दोन्ही खरे आहेत, फक्त त्यांचीं ठिकाणें निरनिराळीं आहेत. परांचीवरच्या मनुष्याचे पाय फळीवर असतात. तो पडला तरच पट्ट्यानें त्याला धरावयाचें, तोंपर्यंत पट्ट्यानें स्वस्थ राहावयाचें. म्हणून त्याची कडी पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध असते. हा मार्जारन्याय झाला. झाडावर काम करणारा मनुष्य दोरावर बसूनच काम करितो. त्याचा पट्टा पहिल्या क्षणापासून भार वाहत असतो आणि त्याला हात, पाय, मान सगळें मोकळें हवें असतें. म्हणून त्याच्या कड्या कमरेच्या पुढें व दोन्ही बाजूंस असतात. हा मर्कटन्याय. दुकानांत मागतांना ‘सेफ्टी बेल्ट द्या’ एवढेंच म्हटलें तर बहुधा मांजरीचा पट्टा पदरांत पडतो. बसून काम करावयाचा हवा, असें स्पष्ट सांगावें. युरोपीय मानकांत बैठ्या हार्नेसचा अंक ईएन ८१३, टेकून काम करावयाच्या कमरपट्ट्याचा ईएन ३५८, आणि पडणाऱ्यास धरणाऱ्या सर्वांगाच्या हार्नेसचा ईएन ३६१ असा आहे. पडण्यापासून संरक्षण करणाऱ्या पट्ट्यांकरितां आपलें भारतीय मानक आयएस ३५२१ आहे. हे अंक पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठींत असतात. चिठ्ठीच नसेल तर तो पट्टा कितीही जाड दिसो, घेऊं नये.

येथें एक इशारा दिला पाहिजे. बैठें खोगीर बसण्यासाठीं आहे, उंचावरून पडलेल्या देहाचा हिसका सोसण्यासाठीं नव्हे. म्हणून त्यांत बसणाऱ्यानें आपला दोर नेहमीं ताणलेला ठेवावा; दोर सैल सोडून फांदीवर हिंडूं नये. ज्याला दोन्ही गुण एकत्र हवे असतील त्याच्यासाठीं खांद्याचे पट्टे जोडलेलीं बैठीं खोगिरेंही मिळतात, तीं महाग असतात. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळण्याचा विचार मात्र कोणीं मनांतही आणूं नये. सर्व भार पोटावर येऊन श्वास कोंडतो. अमेरिकेंतील कामगार-सुरक्षा खात्यानें तर पडणाऱ्यास धरण्याकरितां नुसता कमरपट्टा वापरण्यास १ जानेवारी १९९८ पासून मनाईच केली आहे.

आतां निवड. नवीं पायताणें घेतांना आपण दुकानांत चार पावलें चालून पाहतों. पण खोगीर मात्र लोक उभ्याउभ्यानें कमरेला लावून पाहतात आणि ‘बरोबर बसलें’ म्हणून घेऊन येतात. उभ्या माणसाच्या अंगावर कोणतेंही खोगीर बरोबरच बसतें. त्याची परीक्षा पाय जमिनीपासून सुटल्यावर. मुंबईच्या एका दुकानांत, हें टांगून पाहूं द्या, असें आम्हीं म्हटलें तेव्हां दुकानदारानें आमच्या पांढऱ्या केंसांकडे पाहून हंसूं दाबलें. वाचकांस दुकानदाराची विनवणी करण्याचें कारण नाहीं. आपल्या घरांत झोपाळा आहे ना? तो थोडा वेळ काढून ठेवावा. ज्या तुळईच्या कड्यांवर चार माणसें रोज निर्धास्त झोंके घेतात, त्यांपैकीं एका कडीला जाड दोर बांधून खोगीर टांगावें. पाय जमिनीपासून वीतभर सुटले म्हणजे पुरें. शेजारीं एक स्टूल आणि एक धडधाकट माणूस असावा. परत देण्याची बोली दुकानदाराशीं आधींच करून ठेवावी.

आणि त्यांत बसावें कोणीं? यजमानांनीं नव्हे. जो झाडावर चढणार त्यानेंच. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, घरधनी स्वतःच्या कमरेचें माप देऊन खोगीर आणतो, आणि तें सडपातळ पाडेल्याच्या अंगावर बोंगाड्यासारखें लोंबतें. पाडेल्याचें माप तो काम करितांना जे कपडे घालतो त्यांवरून घ्यावें : एक कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवरून, आणि दुसरें मांडीच्या अगदीं मुळाशीं. दोन मापांच्या सीमेवरचा मनुष्य असेल तर कोणतें घ्यावें हें टांगल्यावरच कळतें. पट्टा ओढून संपला तरी सैल राहत असेल किंवा बकलापर्यंत जेमतेम पोंचत असेल, तर तें माप त्याचें नव्हे.

टांगून बसल्यावर घाई करूं नये. दोन मिनिटांत सगळेंच सुखाचें वाटतें. पंधरा-वीस मिनिटें बसूं द्यावें, आणि तेवढ्या वेळांत त्याला काम करितांना करावे लागतात ते सर्व हावभाव करावयास सांगावें : दोन्ही बाजूंस वळणें, हात लांबवून कांहीं ओढणें, एका अंगावर कलणें, मागें रेलणें. प्रथम पाहावें तें कमरपट्ट्याकडे. तो कमरेच्या हाडांवर टेकलेला राहिला पाहिजे. बसतांच तो बरगड्यांपर्यंत वर चढत असेल, तर भार मांड्यांनीं घेतलेलाच नाहीं. मांडीपट्टे आंवळून आखूड केले कीं भार कमरेवरून मांड्यांवर उतरतो. मांडीपट्टे नितंबांच्या घडीच्या लगेच खालीं असावेत. ते गुडघ्यांकडे सरकले असतील तर मनुष्य मागें कलंडतो आणि सगळा वेळ पोटाच्या स्नायूंनीं स्वतःस सांवरून धरण्यांत दमतो. पायांस मुंग्या येत असतील, तर पट्टे फार अरुंद आहेत किंवा फार आंवळले आहेत. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या कड्या भारानें आंत ओढल्या जाऊन खुब्याच्या हाडांस चिमटा बसत असेल, तर मात्र तो दोष बांधणीचा किंवा मापाचा आहे. पट्टे ओढून-सोडून तो जात नाहीं, दुसरें खोगीर पाहावें. राहतां राहिलें अवघड जागेचें दुखणें. पुरुषांस याचा त्रास हमखास होतो आणि संकोचामुळें कोणी बोलत नाहीं. घरांतील बायकामंडळी आंत गेल्यावर पाडेल्यास सरळ विचारावें. जें झोपाळ्याच्या कडीखालीं टोचतें तें झाडावर तासाभरानंतर असह्य होतें, आणि असह्य झालेला मनुष्य तें पट्टे सैल करून टाकतो, किंवा घाईनें काम उरकूं पाहतो. अपघात होतो तो अशा वेळीं. सुखासनाला चैन समजणाऱ्या काटकसरी मंडळींनीं हें लक्षांत घ्यावें.

मांड्यांखालीं दोन वेगळे पट्टे असलेलें, आणि मांड्यांखालून एक आडवी फळी किंवा कडक पट्टी असलेलें, असे बैठकीचे दोन प्रकार आहेत. फळीची बैठक झोपाळ्यासारखी असते. एकाच जागीं लोंबकळत फांद्या छाटावयाच्या असल्या तर तिच्यासारखें सुख नाहीं. पण फांदीवरून फांदीवर जातांना ती पायांत येते. आंब्याच्या झाडावर माकडासारखें फिरावें लागतें, तेथें दोन पट्ट्यांचेंच खोगीर बरें.

बांधण्याचा क्रमही सांगून ठेवतों. आधीं कमरपट्टा, मग मांडीपट्टे. कमरपट्टा आंवळल्यावर त्याच्या आंत उभा पंजा सरकावा, मूठ शिरूं नये, मांडीपट्ट्यांचेंही तसेंच. दोन्ही बाजू सारख्याच ओढाव्या. बकलाबाहेर उरलेलीं टोकें शेजारीं धरून पाहिलीं म्हणजे कमीजास्त लगेच दिसतें, आणि प्रत्येक टोंक निदान चार बोटें तरी उरलेंच पाहिजे. दहा मिनिटें बसल्यावर पट्टे अंगासरसे होतात. तेव्हां पुन्हां एकदां सर्व आंवळून पाहावें. जेवल्यावर आणि सदरा काढल्यावर माप बदलतें, हेंही ध्यानांत असावें. पुढच्या दोन कड्यांना जोडणारा जो छोटा दोर किंवा पट्टा असतो, त्यावर एक कडी इकडून तिकडे सरकते आणि तिच्यांत चढण्याचा मुख्य दोर अडकवितात. त्याला तिकडील लोक पूल म्हणतात. पूल आखूड असला तर मनुष्य दोराच्या जवळ व ताठ बसतो, वर चढणें सोपें जातें. लांब असला तर अंग बाजूंस अधिक वळतें, पण वरची गांठ हातापासून दूर जाते. नवशिक्यानें आखूड ठेवावा. सर्वांत लवकर झिजतो तो हा पूलच. त्यावर रोज नजर हवी.

खोगिराच्या भोवतीं लहानमोठे फास आणि लवचीक पट्ट्याही पुष्कळ असतात. मागच्या लवचीक पट्ट्या मांडीपट्टे घसरूं नयेत एवढ्यासाठीं आहेत, आणि बाजूचे फास करवत व कोयता अडकविण्यासाठीं. ही निव्वळ खोगीरभरती. त्यांत स्वतःचा दोर कधींही अडकवूं नये. त्या मनुष्याचें ओझें धरीत नाहींत. घरांतील मुलांस हें प्रथम शिकवावें, कारण मुलांचा हात नेमका रंगीत फासाकडे जातो.

नारळाची गोष्ट थोडी निराळी आहे. आंब्याला दोर टाकावयास फांदी असते, माडाला ती नाहीं. आणि झावळीला दोर बांधणें म्हणजे आपण होऊन संकट ओढवून घेणें, कारण पिकली झावळ देठांतून सुटते. माडावर खोगिराच्या दोन बाजूंच्या कड्यांतून एक पट्टा खोडाभोवतीं घेतात, तो वर वर सरकवीत चढतात, आणि वर पोंचल्यावर मागें रेलून काम करितात. येथें भार मुख्यतः पायांवर व कमरेच्या मागच्या भागावर येतो. म्हणून कमरपट्टा पाठीशीं रुंद व गादीचा असावा. पाय सुटला तर साधा पट्टा गुळगुळीत खोडावरून घसरत खालीं येऊं शकतो, याकरितां वर काम करितांना खोडाभोवतीं आवळून बसेल असा दुसरा दोर घ्यावा. कोयत्याचा एक चुकला घाव दोर तोडण्यास पुरतो. म्हणून हत्यार चालवितांना नेहमीं दोन स्वतंत्र आधार, आणि त्यांतील एक पोलादी तारेच्या गाभ्याचा असल्यास उत्तम. केरळांतील चेंबेरी येथील जोसेफ नांवाच्या शेतकऱ्यानें पायांनीं चालवावयाचें जें चढण्याचें यंत्र काढलें, तें आतां आपल्याकडेही पोंचलें आहे. त्यावर मनुष्य उभा राहतो. त्यानें खोगिराची गरज जाते असें मुळींच नाहीं. नारळ विकास मंडळानें २०११ सालीं ‘नारळाच्या झाडाचे मित्र’ या अर्थाच्या नांवानें शिक्षणवर्ग काढले, त्यांत तरुण स्त्रियाही पुढें आल्या. आपल्या घरांतील एखादी नात असा हट्ट धरील तर तिला अडवूं नये. मात्र तिचें खोगीर तिच्या मापाचें, वेगळें घ्यावें.

खालीं एक जाणता माणूस असल्यावांचून कोणीं चढूं नये. कारण असें कीं, मनुष्य पट्ट्यांत निश्चल लोंबकळत राहिला तर रक्त पायांत साठतें आणि थोड्या मिनिटांत त्याची शुद्ध हरपूं शकते. शुद्धीवर असलेल्यानें पाय हालवीत, आधार मिळेल तेथें टेंकवीत राहावें. बेशुद्धास ताबडतोब खालीं घ्यावें. त्याला आडवें निजवूं नये, बसतें ठेवावें, असें पूर्वीं शिकवीत. २००९ सालीं ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा खात्यानें पुराव्याचा फेरविचार करून, नेहमींच्या प्रथमोपचाराप्रमाणें आडवेंच निजवावें, असा निर्वाळा दिला. जुनें पुस्तक घरांत असेल तर त्यांतील मजकूर दुरुस्त करून ठेवावा.

साधन चांगलें घेतलें म्हणजे झालें असेंही नाहीं. नलिनी नाडकर्णी या अमेरिकेंतील विदुषी आहेत, वडिलांकडून भारतीय. अरण्याच्या माथ्यावरील सृष्टीच्या अभ्यासांत त्यांचें आयुष्य गेलें. झाडावर चढण्यांत त्यांच्याइतकीं मुरलेलीं माणसें थोडीं. २०१५ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील अरण्यांत साधनानें दगा दिला आणि त्या सुमारें ५० फुटांवरून पडल्या. सुदैवानें त्या बऱ्या होऊन पुन्हां कामास लागल्या. म्हणून चढण्यापूर्वीं दरवेळीं खोगीर उजेडांत धरून पट्टे बोटांनीं चांचपावे : कोठें कांपलें आहे काय, जळून कडक झालें आहे काय, शिवण उसवली आहे काय. शिवण मुद्दाम वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची असते ती यासाठींच. उसवलेलें खोगीर मोच्याकडे नेऊन शिवून आणूं नये. ‘जुनें तें सोनें’ हें तत्त्व पितळेच्या भांड्यांस लावावें, नायलॉनच्या पट्ट्यांस नव्हे. निर्माते सामान्यतः दहा वर्षांची शेवटची मुदत घालतात, आणि जोराचा हिसका बसलेलें खोगीर त्याच दिवशीं बाद करावें लागतें.

मळलें तर कोंबट पाण्यांत सौम्य साबणानें धुवावें व सावलींत वाळवावें. रॉकेल, पेट्रोल, ब्लीचिंग पावडर आणि मोटारीच्या बॅटरीचें पाणी यांपासून दूर ठेवावें. माळ्यावर टाकूं नये, तेथें उंदीर आहेत. पडवींत खुंटीला टांगावें तर ऊन लागतें. कापडी पिशवींत घालून कपाटांत ठेवणें हेंच बरें. खरेदीची तारीख खोगिरावर शाईनें लिहूं नये, शाईंतील द्रव्यानें धागा खराब होण्याचा संभव असतो. ती घरच्या जमाखर्चाच्या वहींत, पाडेल्याच्या मापासह, टिपून ठेवावी.